गिरणीवरचा हाऊएव्हर

आमच्या घरात इंग्रजी आलं ते पिठात माखून आलं. भोसरी गावठाणात एक पिठाची गिरणी होती आणि तिच्या वरच्या खोलीत जाधव सरांचा इंग्रजी बोलण्याचा क्लास भरायचा. खोलीची जमीन लाकडी फळ्यांची. खाली दळण सुरू झालं की फळ्यांच्या फटींतून पिठाची धूळ वर यायची आणि तासाभरात आम्ही सगळे एका वयाचे दिसायला लागायचो. घरी गेले की आई म्हणायची, "शिकायला गेलतीस का म्हातारी व्हायला?" सर एका कंपनीत टाइपिस्ट होते, स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडलेले. अंगानं काडी आणि आवाजानं भोंगा. गिरणीचा पट्टा फिरायला लागला की त्यांचा आवाज चढायचा, मग आमचाही चढायचा. म्हणजे आम्ही इंग्रजी शिकलो ते ओरडून. आजही मी इंग्रजी बोलायला लागले की समोरचा माणूस एक पाऊल मागे सरकतो. माझी लेक मारुंजीला राहते, तिच्या सोसायटीत एकदा शेजाऱ्याशी बोलत होते तर ती मला कोपरानं ढोसून म्हणाली, "आई, हळू! ते बहिरे नाहीत, तमिळ आहेत."

सरांची शिकवायची रीत जगावेगळी होती. बाकीच्या क्लासांत पहिल्याच दिवशी 'माय नेम इज'पासून स्वतःची ओळख करून द्यायला लावत. सरांना ते चालायचं नाही. "स्वतःबद्दल कुणी खरं बोलत नाही," ते म्हणायचे. "जो तो ऑनेस्ट, जो तो हार्डवर्किंग! मग या एमआयडीसीत रात्रपाळीला झोपतं कोण, सांगा मला." म्हणून त्यांचा नियम असा, की आपल्या बाकावरच्या जोडीदाराचं वर्णन करायचं. आधी गुण सांगायचे, मग जोडशब्द, मग दोष. फळ्याच्या एका बाजूला स्वभावाचे शब्द लिहिलेले असायचे: सिन्सिअर, पोलाइट, स्टबर्न, टिमिड. दुसऱ्या बाजूला जोडशब्द. मोअरओव्हर म्हणजे ताटात भात असताना वरून आणखी वाढणं, आणि हाऊएव्हर म्हणजे त्याच भातात खडा लागणं, असं सरांनी समजावलं होतं आणि ते मला जन्मात विसरता आलं नाही. नुसते गुण सांगून कुणी खाली बसायला लागलं की सर खडू फेकायचे. "नुसतं चांगलं बोलणं हा सत्कार झाला, नुसतं वाईट बोलणं हे भांडण झालं. मधे जोड घाला, तेव्हा त्याला मत म्हणतात!" जोडीदाराचा परिच्छेद रोज उभं राहून म्हणायचा, इतका की झोपेतून उठवलं तरी तोंडातून घरंगळत बाहेर यावा. आता माझी लेक सांगते की त्यांच्या कंपनीत याला फीडबॅक म्हणतात आणि तो द्यायचं प्रशिक्षण हॉटेलात होतं, जेवणासकट. आम्हाला ते गिरणीवर मिळालं, आणि जेवण म्हणाल तर नाकातोंडात जाईल तेवढं पीठ.

माझ्या बाबांना मी क्लासला जाते याचा अभिमान होता. ते लातूरकडून आले ते एका वर्कशॉपात हेल्पर म्हणून, आणि चढत चढत फायनल इन्स्पेक्शनला पोचले होते. म्हणजे दिवसभर तयार झालेल्या पिना नि बुश, असले यंत्रांचे सुटे भाग हातात घ्यायचे, मायक्रोमीटरनं मोजायचे आणि पास तरी म्हणायचं नाहीतर रिजेक्ट. घरी आल्यावर त्यांच्या हातात मायक्रोमीटर नसायचा, बाकी सगळं तेच. भाकरी उजेडाकडं धरून बघायचे. आईनं आणलेली वांगी देठापाशी दाबून दोन बाजूला काढायचे. शिंप्यानं दिलेली माझी सलवार त्यांनी उलटी करून शिवण तपासली होती आणि "रिवर्क", म्हणजे पुन्हा करा, म्हणून परत पाठवली होती. जेवताना शेंगाच्या चटणीचं पहिलं बोट चाखून ते डोळे मिटायचे, आणि निकाल लागेपर्यंत आम्ही घास हातात धरून बसायचो. एक दिवस आईचा संयम सुटला. "एवढी बारीक खोट दिसतीया तर मला बघायला आलतात तवा डोळे काय गहाण टाकले होते?" बाबा शांतपणे म्हणाले, "तुला तपासायला माझा बाप आला होता. मी कुठं आलतो?" आणि मग चटणी पास झाली.

बाबांना इंग्रजीतला एकच शब्द पक्का कळायचा, आणि तो म्हणजे हाऊएव्हर. गिऱ्हाईक कंपन्यांची पत्रं त्यांच्या खात्यात यायची. वर सगळं गोडगोड असायचं, तुमचा माल चांगला, तुमची वेळ चांगली. मग एका ओळीच्या सुरुवातीला हाऊएव्हर. त्याच्याखाली काय लिहिलंय ते साहेब वाचून सांगेपर्यंत बाबा हातातलं काम टाकून उभे राहायचे, कारण एवढं त्यांना अनुभवानं कळलं होतं की त्या शब्दाच्या खाली आख्खा लॉट परत येतो. "वरचं सगळं साखर," ते म्हणायचे, "हाऊएव्हर आला की जेवण संपलं."

आम्ही गोदाक्कांच्या चाळीत दोन खोल्यांत राहायचो. गोदाक्का मूळच्या इथल्या. शेती एमआयडीसीत गेली आणि राहिलेल्या तुकड्यावर त्यांनी पत्र्याच्या खोल्या बांधून आमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांना भाड्यानं दिल्या होत्या. मागच्या गल्लीत पत्रा ठोकणाऱ्या पॉवर प्रेस होत्या. सकाळपासून धप्प, धप्प, धप्प, असं चालायचं आणि त्या ठोक्यावर आई भाकरी थापायची. गुरुवारी सगळं बंद. एमआयडीसीला सुट्टी गुरुवारची, त्यामुळं आमचा रविवार गुरुवारीच यायचा. लग्नं, बारशी, नवस, भांडणं, सगळं गुरुवारी. त्या दिवशी इतकं सामसूम व्हायचं की शेजारच्या खोलीत कुणी कूस बदलली तरी कळावं.

आता दत्ताकडं यायला हवं. दत्ता माझ्या बाकावरचा जोडीदार. चाकणच्या अलीकडच्या एका गावातला शेतकऱ्याचा मुलगा, पिंपरीत एका कंपनीत पहिल्या पाळीला मशिनवर. पहिली पाळी म्हणजे पहाटे घर सोडायचं, आणि सुटल्यावर सरळ क्लासला. अंगानं चांगला उंचापुरा, पण बसला की झोपायचा. टेकायलाही लागायचं नाही. सर समोर उभे राहून ओरडतायत आणि हा पहिल्या बाकावर ताठ बसून गाढ झोपेत, केसांवर पीठ. आणि जागा असला तरी बोलायचा नाही. कुणी चहा विचारला तर "चालंल", कॉफी विचारली तर "चालंल", एकदा एकानं गंमत म्हणून "एरंडेल घेणार का?" विचारलं तर हा अर्धवट झोपेत म्हणाला, "चालंल." मला अशा माणसांचा फार राग येतो. खरं तर मला कुठल्याही माणसांचा राग येतो. पण याचा राग आला की त्याला दोन शब्द सुनवावेत असं वाटायचं आणि सुनवल्यावर तो जे हसायचा, ते हसू घेऊन मी घरी यायची. लक्षण काही ठीक नव्हतं.

मी त्याच्याबद्दल रोज उभी राहून ओरडायची, "ही इज सिन्सिअर. ही इज पोलाइट. मोअरओव्हर, ही इज ऑनेस्ट. हाऊएव्हर, ही इज स्लीपी अँड टिमिड." म्हणजे मनापासून काम करणारा, नम्र, शिवाय सच्चा, पण झोपाळू आणि भित्रा. आणि तो माझ्याबद्दल हळू आवाजात म्हणायचा की ही हुशार आहे, मदतीला धावून येते, हाऊएव्हर शॉर्ट-टेम्पर्ड, स्टबर्न आणि बॉसी आहे. तापट, हट्टी आणि हुकूम सोडणारी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी सरांना म्हटलं, "सर, यांनी तीन दोष सांगितले, मी दोनच सांगितले!" सर म्हणाले, "तिसरा त्यांना आत्ता दिसला असेल." महिनोन् महिने माझे दोष रोज चारचौघांत म्हणून दाखवूनही जो माणूस दुसऱ्या दिवशी माझ्याच बाकावर येऊन बसतो, त्याच्याबद्दल काय समजायचं? मला जे समजायचं ते समजलं.

घाई होती ती माझ्या मामाच्या मुलामुळं. गावाकडं बियाण्याचं दुकान चालवणारा विलास. आमच्यात मामाच्या घरी मुलगी देण्याची रीत, आणि बाबांनी मामाला शब्द दिला नव्हता पण दिवाळीपर्यंत दुसरीकडं जमलं नाही तर देऊ, एवढं बोलून ठेवलं होतं. विलासमध्ये वाईट काही नव्हतं. फक्त तो बोलायला लागला की थांबायचा नाही आणि मीही थांबत नाही, म्हणजे त्या घरात ऐकणार कोण? मी एक दिवस गिरणीच्या जिन्यात दत्ताला गाठलं आणि म्हटलं, "माझ्याबद्दलचं तुमचं मत आख्ख्या क्लासला पाठ झालंय. पुढचं काय ते बोला." तो म्हणाला, "पुढचं काय?" मी म्हटलं, "लग्न." तो घाबरून एक पायरी खाली उतरला. मग त्याच पायरीवरून म्हणाला, "चालंल." मी म्हटलं, "चालेल नाही! हवंय का नको?" तर कान लाल करून म्हणाला, "हवंय."

अडचण अशी, की दत्ताला वडील नव्हते आणि घरात शब्द चालायचा तो त्याच्या हिरामणमामांचा. त्यांच्या भावकीत कुणीतरी मुलगी पळवून आणून लग्न केलं होतं, तेव्हापासून मामांनी जाहीर केलं होतं की आपल्या घरात पोरापोरींनी जमवलेलं चालणार नाही, आपण बघू ती मुलगी. इकडं माझे बाबा! वांगंसुद्धा दुसऱ्यानं निवडलेलं ज्यांना चालत नाही, त्यांना जावई चालला असता? त्यात बाबांना मी सांगितलं होतं की मी बायकांच्या बॅचला जाते. होती हो बायकांची बॅच. पण तिच्यात मी आणि एक नर्सबाई, दोघीच उरलो म्हणून सरांनी ती पुरुषांच्या बॅचमध्ये मिसळली, हे घरी सांगायचं राहून गेलं. आणि दत्तानं घरी काय सांगितलं होतं, तर पाळी सुटल्यावर आपण ओव्हरटाइम करतो. मामा इंग्रजीला हसतील या भीतीनं. म्हणजे दोन्ही घरांच्या लेखी आम्ही एकमेकांना बघितलेलंच नव्हतं.

वाट काढली गोदाक्कांनी. त्या दत्ताच्या सख्ख्या मावशी, हिरामणमामांची थोरली बहीण. दत्ता त्यांच्यापुढं जाऊन निम्मं वाक्य बोलला, उरलेलं मी बोलले. गोदाक्का पोट धरून हसल्या. "आगं, मग ह्यात काय अवघाड हाय? मी दोनी घरी सांगते, माज्या नजरंत एक पोरगी हाय, एक पोरगा हाय. तुमी दोगं नुस्तं मुकाट बसा. तोंड उघडू नको तू. कळलं का? तू!" बोट माझ्याकडंच होतं. आणि ठरलं तसं झालं. बाबांनी मुलाची कंपनी, पाळी, पगार, पाण्याची सोय, सगळं विचारून घेतलं. मामांनी "मराठवाड्यातली हाय, आपल्यात बसंल का?" असं दोनदा विचारलं. आणि एका गुरुवारी दुपारी पाहुणे यायचे ठरले.

त्या दिवशी सकाळपासून आईनं घर डोक्यावर घेतलं होतं. "पाव्हणे यायलेत आन् तू केस काय इंचरायलीस?" तिला आमच्याकडचा सुशीला करायचा होता, भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा. गोदाक्कांनी हात जोडले. "पोहेच कर बाई. सुशीला आणा म्हणशील आन् माजा भाऊ समजंल की मुलीचं नाव बदाललं." पोहे झाले. बाबांनी प्रत्येक बशी उजेडात धरून पुसली. मग पाहुणे आले. पुढं हिरामणमामा, पांढरी टोपी, मिशा, पायात करकरणाऱ्या वहाणा. मागं दत्ताची आई सखुबाई, गोल चेहऱ्याची, सारखी हसणारी. आणि सगळ्यांच्या मागं दत्ता, इस्त्रीच्या शर्टात, माझ्याकडं न बघता. इतकं न बघता की तो चौकटीला धडकला.

मी पोहे दिले, खाली मान घालून बसले. नाव सांगितलं, सुरेखा. शिक्षण सांगितलं. स्वयंपाक येतो म्हटलं. सगळं सुरळीत चाललं होतं. बाबा आणि मामा एकमेकांना पगारवाढीचं सांगत होते आणि मला वाटलं, जमलं! तेवढ्यात मामांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "पोरगी इंग्रजीच्या क्लासला जाती म्हनं. बोल की काहीतरी. आमाला बी ऐकू दे."

"कशावर बोलू?" मी विचारलं.

"आता कशावर! मुलावरच बोल. बघितलास न्हवं आत्ता? काय वाटलं ते सांग."

खोलीत कुणालाच इंग्रजी येत नव्हतं, दत्ता सोडून. त्यामुळं मला भीती वाटली नाही. मी उभी राहिले, आणि तोंड उघडल्यावर माझ्या लक्षात आलं की माझ्याकडं मुलावर बोलण्यासारखा एकच परिच्छेद आहे. "ही इज सिन्सिअर," मी म्हटलं. सवयीनं जरा मोठ्यानंच, पत्रे हलले. "ही इज पोलाइट. मोअरओव्हर, ही इज ऑनेस्ट." मामा खूश. सखुबाई खूश. आई दाराआडून पदराला हात पुसत होती, तीही खूश. मी तिथंच बसायला हवं होतं. सरांनी खडू मारून मारून जिभेला लावलेलं वळण ते, तीन गुण झाले की चौथं वाक्य आपोआप सुटायचं. "हाऊएव्हर," मी म्हटलं आणि हबकून थांबले.

बाबांच्या हातातला चहा बशीत सांडला. गुरुवार होता. प्रेस बंद होत्या. तो शब्द लपायला कुठं जागाच नव्हती.

"थांब," बाबा ताठ झाले. "हाऊएव्हर म्हणालीस तू."

"काही नाही बाबा. असंच, सहज."

"हाऊएव्हर सहज येत नसतोय. पाव्हण्यांत काय खोट हाय? सांग."

मामांचा चेहरा आक्रसला. "खोट? कशात खोट?" ते दत्ताकडं वळले. "तुला कळलं का रं ती काय म्हनली?" दत्ता म्हणाला, "व्हय." मग माझ्याकडं बघून म्हणाला, "न्हाई." मग कपाळ पुसत बसला. गोदाक्का मला डोळ्यांनी दाबत होत्या. आता काहीतरी मराठीत सांगणं भाग होतं, आणि ऐनवेळी खोटं सुचायलाही अक्कल लागते. मी म्हटलं, "मुलगा चांगला आहे. पण बसल्या जागी डोळा लागत असेल, असं आपलं वाटलं. आणि थोडे भिडस्त असतील."

"आगं बया!" सखुबाईंनी गालाला हात लावला. त्यांना भलताच आनंद झाला होता. "व्हय गं बाई! अगदी बराबर! जेवताना झोपतंय. न्हाव्याच्या खुर्चीत झोपलं, न्हावी म्हनं मान वर करीना. आन् एका नजरंत वळाकलंस? दादा, पोरगी भारी हुशार हाय."

मी वाचले होते. खरंच वाचले होते. सखुबाई माझ्यावर लट्टू झाल्या होत्या, बाबा सुटकेचा श्वास सोडून बशीतला चहा पीत होते. पण मामांना भाच्याची बाजू घ्यायची होती. ते घसा खाकरून म्हणाले, "झोपनार न्हाई तर काय करनार? पोरगं पाळी सुटल्यावर रोज ओव्हरटाइम करतंय. कष्टाचं पोरगं हाय. तुमच्यावानी इंग्रजीच्या क्लासात जाऊन टाइमपास करनारं न्हाई. ही असली थेरं रिकाम्या लोकांची."

आता मला सांगा, असं बोलल्यावर कोण गप्प बसेल? तुम्ही बसाल. माझं मस्तकच फिरलं. "कसला ओव्हरटाइम!" मी म्हटलं. "क्लासला येतात ते रोज! पहिल्या बाकावर झोपतात, माझ्या शेजारी!"

बोलून झाल्यावर पहिल्यांदा मला गोदाक्का दिसल्या. त्यांनी कपाळाला हात लावला होता. मग आई, पदर तोंडात धरलेली. बाबांकडं बघायची हिंमत झाली नाही, पण त्यांचा आवाज ऐकू आला, अगदी हळू. "सुरेखा, तू बायकांच्या बॅचला जातीस ना?" मी पायाखालची फरशी बघत राहिले. त्या फरशीवर मला विलास बियाण्याची पोती घेऊन बसलेला दिसला.

हिरामणमामा सावकाश उठले. टोपी काढली, झटकली, परत घातली. "असं व्हय!" ते म्हणाले. "म्हंजी सगळं आदीच जमलंय आन् आमाला निस्तं पोहे खायाला बलावलंय. गोदे, तू बी ह्यात? सख्खी भन आसून?" गोदाक्का म्हणाल्या, "आरं हिरामण, ऐक तरी..." पण ते दाराकडं निघाले होते. "चल गं सखू. चल दत्ता, ऊठ."

सखुबाई गोंधळून उठल्या. दत्ता उठला नाही. मान खाली, हात गुडघ्यांवर. आणि देवाशपथ सांगते, मला वाटलं हा झोपला. इथं माझ्या जन्माचा निकाल लागतोय आणि हा माणूस झोपला!

"दत्ता, ऊठ म्हनलं ना?"

"मामा," दत्ता म्हणाला, "तुमी खाली बसा."

आवाज मोठा नव्हता. पण मामा वहाणेत पाय घालता घालता तसेच थांबले, एक पाय वर. त्या घरात आजवर त्यांना कुणी बस म्हटलेलं नव्हतं, सगळे त्यांच्या बसण्याची वाट बघायचे. दत्तानं मान वर केली.  "मी येत न्हाई. मला हीच पायजे. तुमच्याम्होरं बोलायचं धाडस झालं न्हाई म्हणून मावशीला म्होरं केलं, ओव्हरटाइमचं खोटं सांगितलं. तिची काय चुकी न्हाई, माजी हाय. तुमी रागावा, मारा, काय बी करा. पर लगीन मी हिच्याशीच करनार." एवढं बोलून त्यानं समोरचा ग्लास उचलला आणि गटागटा पाणी प्यायला. तो ग्लास मामांचा होता.

 मामा माझ्याकडं वळून म्हणाले, "ह्ये बोलाया तू शिकवलंस व्हय ह्याला?"

"दादा, शिकवलं आसंल तर बरंच झालं की," सखुबाई मधेच म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्या हसतही होत्या. "आवो, ह्या पोरानं मला आजवर भाजी अळणी हाय म्हणून सांगितलं न्हाई. जे वाडंल ते खाऊन उठतंय. त्याला काय पायजे ते मला आज पयल्यांदा कळलं." आणि त्या परत चटईवर बसल्या, चांगली मांडी घालून. बहीण बसल्यावर मामांना एका पायावर उभं राहणं शोभेना. तेही बसले.

आता पाळी बाबांची होती. बाबांनी रिकामी बशी बाजूला ठेवली. "मोजायचं तर दोन्ही बाजूनं मोजावं लागतंय," ते दत्ताला म्हणाले. "पोरीनं तुमचा हाऊएव्हर सांगितला. आता तिचा सांगा."

दत्तानं एकदा माझ्याकडं बघितलं. मग उभा राहून, सरांच्या पुढं म्हणायचा तसं सगळं म्हणाला, आधी इंग्रजीत आणि मग मराठीत. "हुशार हाय. कुणाचं काय अडलं तर धावून जाती. पर तापट हाय. हट्टी हाय. हुकूम सोडती. आन् समोरच्याचं वाक्य पुरं..."

"मी कधी कुणाचं वाक्य तोडलंय?" मी म्हटलं.

सगळ्यात आधी आई हसली, दाराआड. मग गोदाक्का, मग सखुबाई, आणि शेवटी मिशीतल्या मिशीत मामासुद्धा. मी मात्र रागानं लाल. जाताना मामा उंबऱ्यात थांबले आणि बाबांचे हात हातात घेऊन म्हणाले, "पोरगी तिखाट हाय, पाव्हनं. पर आमच्या घरात सगळीच मिळमिळीत. एखांदी पायजेलच हाय. आमच्याकडनं व्हय समजा. तुमी तुमचं सवडीनं कळवा."

पाहुणे गेले. गोदाक्का गेल्या. आई बशा विसळायला मागं गेली. बाबा ओट्यावर जाऊन बसले, पाठ माझ्याकडं. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर मी ओरडून उत्तर दिलं असतं, ते मला जमतं. पण ते बोलेचनात. माझे बाबा, जे भाजीवाल्याशीही दहा मिनिटं बोलायचे. मी जाऊन त्यांच्या शेजारी बसले. रडायचं नाही असं ठरवलं होतं, तरी रडू आलंच. म्हटलं, "बाबा, काहीतरी बोला."

"तू नीट बघितलंस का त्याला?" त्यांनी समोर बघतच विचारलं.

"हो."

"खोट कळली? झोपतोय, भितोय, सगळं?"

"रोज म्हणून दाखवायची मी."

"आन् तरी चालतोय तुला?"

"मला हवाय, बाबा."

 गल्लीतून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. लहानपणानंतर पहिल्यांदाच ठेवला असेल. तो खरबरीत हात तिथंच राहू दिला.

"मला विचारलं न्हाईस ते बरं केलंस," ते म्हणाले. "तुझ्यासाठी मी तपासायला बसलो असतो ना, तर आख्ख्या दुनियेत एकालाबी पास केलं नसतं."